कुंपणाच्या आतलं रान

लॉर्नाच्या थोरल्या मामाच्या कबरीवर दगड बसवून गावजेवण घातलं, ते १९९८ साल. त्यासाठी शहरातून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या, हायडा या आदिवासी लोकांच्या बेटावर आलेली लॉर्ना शनिवारच्या बोटीने परत निघणार होती. सोमवारी नानीसाठी देवदाराची साल काढायला ती पावसात रानात शिरली आणि कुणाच्या तरी बुटांना अडखळली.

शेवाळावर एक माणूस पालथा पडला होता.

“जिवंत आहेस ना रे?”

“रोप बघतोय.” त्याच्या पापण्यांवर थेंब होते. “हरणांनी पुन्हा शेंडा खाल्ला.”

“आईचं कूळ कोणतं तुझ्या?”

“गरुड.”

लॉर्नाला उगाच हायसं वाटलं. ती डोमकावळ्यांच्या कुळातली, आणि लग्न दुसऱ्याच कुळात व्हायचं.

“सहज विचारलं हं,” ती म्हणाली.

“मीही सहजच सांगितलं… मी ऑर्विल.” त्याचे कान लाल झाले.

मग ती रोज रानात जाऊ लागली. “साल कुठंय गं?” नानी विचारायची, आणि हसायची.

हरणांनी रानाचं काय केलं, हे पाहणं ऑर्विलचं काम. बाहेरच्यांनी मांसासाठी आणून सोडलेली हरणं. बेटावर त्यांना खाणारा लांडगाच नाही.

“पण रान कसं स्वच्छ आहे,” लॉर्ना म्हणाली.

“स्वच्छ कसलं? चाटूनपुसून खाल्लेलं ताट आहे ते. चल, दाखवतो.”

शुक्रवारी त्याने तिला तारेच्या कुंपणात नेलं. तिथे वर्षानुवर्षं हरणाचं तोंड लागलं नव्हतं.

लॉर्ना जागच्या जागी थबकली. डोक्यावर गेलेली झुडपं, लालबुंद फळं, आणि खांद्याएवढे कोवळे देवदार, शेंड्यांसकट. नानी म्हणायची, आमच्या वेळी रानात दोन पावलं गेलं की माणूस दिसेनासं व्हायचं. ती थाप नव्हती तर… लॉर्नाचे डोळे भरून आले. तिला मोठ्याने श्वास घ्यायचाही धीर होईना.

वळून पाहते तर ऑर्विल नाही.

“ऑर्विल?”

“इथेच आहे.” पलीकडची पानं हलली.

“दिसत नाहीस.”

“बरंय ना… समोर असलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लॉर्ना, उद्या जाऊ नकोस.”

“राहून काय करू?”

“माझ्याशी लग्न.”

पानांवरून पाणी ठिबकत राहिलं.

“आणि जन्मभर झुडपाआडूनच बोलणार आहेस का?” म्हणत तिने दोन्ही हातांनी फांद्या बाजूला सारल्या. तो तिथेच उभा होता, हातभर अंतरावर, चिंब भिजलेला.

शनिवारी बोट तिच्यावाचून सुटली. शिशिरात, दोन्ही कुळांसमोर, लग्न झालं.

वीस वर्षांच्या संसारानंतर ऑर्विल २०१९च्या फेब्रुवारीत वारला.