सात नंबरची रेघ

तो जिना चढून आला तेव्हा दार लावायची वेळ होऊन चार मिनिटं उलटली होती आणि कडी माझ्या हातात होती.

"थांबा... थांबा." त्याला धाप लागली होती. केसांत बारीक पांढरी भुकटी, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. "ते व्हॅम्पायर इथंच राहतात ना?"

"राहतात आतच. पण प्रेक्षकाला उशीर झाला की दार बंद."

"आणि व्हॅम्पायरला उशीर झाला तर?"

"व्हॅम्पायर दुपारी चारला येत नाहीत."

"म्हणजे मी माणूस आहे हे तर सिद्ध झालं. घ्या आता आत."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? मी एरवी नाकावर माशी बसू न देणारी, पण मुकाट्यानं बाजूला झाले. सात नंबरची खुर्ची रिकामी राहिली तर निकाल बिघडेल, असं मी स्वतःला समजावलं. बाराऐवजी अकरा प्रेक्षक चालतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझं काम सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. मी लोकांचं हसणं मोजते. एखादी विनोदी मालिका सगळ्यांना दाखवण्याआधी आमच्याकडे येते. आम्ही बारा अनोळखी माणसं गोळा करतो, अंधाऱ्या खोलीत बसवतो आणि प्रत्येकाच्या हातात एक गोल बटण देतो. शेजारच्या खोलीत माझ्या पडद्यावर बारा रेघा वरखाली होतात. कुठे लोक खुलले, कुठे जांभया दिल्या, सगळं त्या रेघांत कळतं. या वेळची मालिका होती एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या चार व्हॅम्पायरांची. दर बुधवारी एक भाग, असे चार बुधवार, आणि बारा माणसं तीच.

मी त्याच्या हातात बटण ठेवलं. "मजा आली की उजवीकडे फिरवायचं, कंटाळा आला की डावीकडे. शेजाऱ्याशी बोलायचं नाही. माझ्याशीही नाही."

"तुमच्याशी का नाही?"

"मोजणारीशी ओळख झाली की माणूस तिला बरं वाटावं म्हणून हसतो. मग त्याची अख्खी रेघ खोडावी लागते. त्याला पुन्हा बोलावतही नाहीत."

"आणि ओळख न होताच बरं वाटलं तर?"

"तर उजवीकडे फिरवा," मी म्हणाले आणि माझ्या खोलीत निघून गेले. कान मात्र तापले होते.

माझी खोली म्हणजे एक कपाटच. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथं सतत गारवा सोडलेला असतो, त्यामुळे मी बारा महिने दादाचा जुना राखाडी स्वेटर घालून बसते. टेबलावर नोंदी लिहिण्यापुरता छोटा दिवा. समोर भिंतीत मोठी काच. पलीकडून तो आरसा दिसतो, अलीकडून खिडकी. म्हणजे मी सगळ्यांना बघते आणि मला कुणी बघत नाही. नाक खाजवा, तोंड वेंगाडा, कुणाला पत्ता नाही.

पहिला भाग सुरू झाला. मालिकेतला एक व्हॅम्पायर होता लाल कोटवाला. आरशात स्वतःला दिसत नाही म्हणून दिवसभर प्रत्येकाला विचारायचा, "भांग सरळ आहे ना?" दुसरी एक मावशी. तांदूळ सांडलेले दिसले की दाणे मोजून संपेपर्यंत तिला उठताच यायचं नाही. तिसरा पेशानं दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे एकदा आलेला रुग्ण दुसऱ्यांदा यायचा नाही. आणि चौथे आजोबा. वय वर्षं तीनशे. बोलावल्याशिवाय कुठल्याही दारातून आत जाता येत नाही, असा व्हॅम्पायरांचा नियम. बाकीचे तिघं तो कधीच विसरले होते, आजोबा मात्र पाळायचे. स्वतःच्या घरात, बैठकीच्या खोलीच्या दाराशी, हातात वर्तमानपत्र घेऊन उभे राहायचे. आत तिघांचं भांडण चाललेलं. आजोबा एकदा खाकरायचे... मग पायावरचा भार बदलायचे... मग उभ्या उभ्या वर्तमानपत्राचं दुसरं पान काढायचे.

तिथं मी हसले. अशी हसले की पेन्सिल पडली. आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आलं.

पडद्यावर बघते तो अकरा रेघा आडव्या. कुणाला काही वाटलं नव्हतं. फक्त एकच रेघ सरळ वर गेली होती, सात नंबरची.

आणि गंमत म्हणजे, भांगावर सगळी खोली खो खो हसली तेव्हा हा पठ्ठ्या थंड. दातांच्या डॉक्टरावर थंड. आजोबा उभे राहिले की रेघ वर! एकदा नाही, त्या दिवशी नऊ वेळा. कोण आहे हा माणूस, मला वाटलं, ज्याला नेमकं तेच आवडतं जे मला आवडतं?

दुसऱ्या बुधवारी तो वेळेआधीच हजर होता.

"आज घड्याळ सापडलं वाटतं," मी म्हणाले. एवढं बोलणं सूचनांमध्ये धरता येतं.

"आज काम लवकर आटपलं. तुम्ही बोललात माझ्याशी... रेघ खोडणार का?"

"सूचना होती."

"मग अजून दोन-तीन सूचना द्या की."

मी बटण पुढे केलं. आत जाऊन बसले आणि पहिली दहा मिनिटं मालिका सोडून सात नंबरचीच रेघ बघत राहिले. त्याही दिवशी तेच. आजोबा आले की वर, आणि ते गेले की त्याला जग जणू फिकं.

आमच्या मॅडमना तो खटकला. "सात नंबर काढून टाक," त्या म्हणाल्या. "त्याचं काही कुणाशी जुळत नाही. मालिकावाले आजोबांना कापायच्या विचारात आहेत. चौथ्या भागानंतर ठरेल. बाराजणांत एकट्यालाच ते आवडताहेत."

"म्हणूनच ठेवू या ना," मी म्हणाले आणि अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'क्रमांक सात हा दुर्मीळ प्रेक्षक आहे. न ओरडणारा विनोद त्याला कळतो. आजोबांना कापू नये.' मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या शब्दावर ठेवते हं," म्हणाल्या. आजवर माझी एकही नोंद चुकलेली नव्हती.

तिसऱ्या बुधवारी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. शेवटचा प्रश्न होता, 'सर्वांत आवडलेलं पात्र कोणतं?' कुणी लाल कोट लिहिला, कुणी मावशी. सात नंबरचा कागद मी मुद्दाम शेवटी उघडला. त्यावर लिहिलं होतं : 'राखाडी स्वेटरवाली.'

राखाडी स्वेटरवाली? मालिकेत स्वेटरच नव्हता कुणाला. मावशी काळ्या झग्यात असायची. मी तिन्ही भाग पुन्हा लावले. मागच्या खिडक्यांत बघितलं, जिन्यावरच्या शेजारणी बघितल्या, डॉक्टरकडे आलेले रुग्ण एकेक करून थांबवून बघितले. यंत्रं सांभाळणारे आमचे काका म्हणाले, "अगं, डोळे फुटतील तुझे. चुकून लिहिलं असेल त्यानं." पण मला पटेना. असा माणूस चुकून लिहिणार नाही.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"तीन भाग, तायडे. एकेक चित्र थांबवून बघितलं. कुठेही राखाडी स्वेटरवाली नाही."

ताईनं हातातली घडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "आज अंगातून काढायचाही विसरलीस."

मी खाली बघितलं. दादाच्या स्वेटरची लोंबणारी बाही माझ्याच हातावर होती.

"शक्य नाही," मी म्हणाले. "पलीकडून आरसा आहे."

पण झोप कसली लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना माझ्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला, पलीकडच्या खोलीत अंधार करून मालिका लावली आणि एकेक खुर्चीत बसून बघितलं. बाकीच्या अकरा खुर्च्यांवरून काचेत पडद्याचाच उजेड चमकत होता, दुसरं काही नाही. सातवरून मात्र काका लख्ख दिसत होते. बिस्किट चहात बुडवत होते. ते तुटून कपात पडलं, आणि काकांनी इकडे तिकडे बघून दोन बोटांनी बाहेर काढलं.

मी तशीच बसून राहिले. तो छोटा दिवा! त्यांची खोली अंधारी आणि माझी उजेडात. आरसा कसला, उघडी खिडकी होती ती. तीन बुधवार मी हसले, रडले, नाक पुसलं, तोंड वेंगाडलं, आणि तो... तो मालिका बघतच नव्हता. मी हसले की तो बटण फिरवत होता. आजोबा आवडलेला बाराजणांतला एकही नव्हता. ज्या दुर्मीळ प्रेक्षकाचं मी अहवालात कौतुक केलं होतं, ती मीच होते.

राग आला का? आला. लाज वाटली का? विचारूच नका. पण या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी हळूच वर येत होतं, एखाद्या रेघेसारखं... आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कारण नियम मीच त्याला सांगितला होता. खरं लिहिलं तर त्याची रेघ जाणार, आजोबा जाणार, आणि तोही पुन्हा कधी येणार नाही. लिहिलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. फक्त माझी नोंद खोटी ठरणार होती.

चौथ्या बुधवारी मी दारात सूचना दिल्या नाहीत, काकांना पाठवलं. खोलीत गेले आणि दिवा मालवला.

भाग सुरू झाला. सात नंबरची रेघ जराशी वर जाऊन थांबली, वाट बघत असल्यासारखी. काचेतून मला तो दिसत होता. तो पडद्याकडे बघतच नव्हता, काचेकडे बघत होता. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. मग त्याला कळलं. त्यानं नजर मांडीवर वळवली आणि रेघ हळूहळू खाली येत तळाला टेकली. आजोबा दाराशी येऊन उभे राहिले. मी अंधारात एकटीच हसले. बाराच्या बारा रेघा आडव्या होत्या. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

अहवालाच्या त्याच कागदावर मी लिहिलं : 'क्रमांक सातची चारही भागांची रेघ रद्द धरावी. माझा दिवा चालू राहिल्यानं त्याला मी दिसत होते. त्याचा प्रतिसाद मालिकेला नसून मला होता. चूक माझी.' खाली सही केली आणि मॅडमपुढे ठेवलं.

मॅडमनी दोनदा वाचलं. "मग आजोबा कुणाला आवडले?"

"मला."

"मोजणाऱ्याचं हसणं मोजत नाहीत, बाळ." त्यांनी कागद फायलीत सरकवला. "ते निम्मे कापतील आता. आणि तू... उद्यापासून दिव्याला झाकण लाव. जा."

मी जिन्यावर धावले. तो खालच्या दाराशी पोचला होता. संध्याकाळचं ऊन पायऱ्यांवर तिरपं पडलं होतं.

"अहो... सात नंबर."

तो वळला. कानांपर्यंत लाल झाला होता. "दिवा मालवलात."

"तुम्हाला कसं माहीत, काचेचं?"

"काचाच बसवतो मी. आरसे, खिडक्या, दुकानांची तावदानं." त्यानं चिकटपट्टीचा अंगठा दाखवला. "जिथं उजेड जास्त, ती बाजू दिसते. पहिल्या दिवशी वाटलं, तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की नाहीये. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दिवा मालवला असता." त्यानं खाली बघितलं. "चूकच झाली. चोरून बघण्यासारखं झालं ते. आठवडाभर मनाला खात होतं. तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून कागदावर लिहिलं."

"मी मालिकेत शोधत होते ती बाई. तीन भाग."

तो हसणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला. "माझी रेघ...?"

"खोडली. चारही भागांची. माझ्या सहीनं, कारणासकट."

"म्हणजे पुन्हा बोलावणार नाही."

"नाही. आणि आजोबांनाही कापताहेत." मी स्वेटरची बाही खाली ओढली. "निम्मे."

तो गंभीर झाला. मग अगदी हळू म्हणाला, "माफ करा... पण आजोबा म्हणजे कोण?"

"चार भाग बसलात ना तुम्ही?"

"बसलो. पण बघितलं तुम्हाला. आजच्या भागात तर काहीच बघितलं नाही." तो एक पायरी वर आला. "मला खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही कशाला हसत होतात? पेन्सिल पडेपर्यंत? आणि मग डोळे का पुसलेत? तीन आठवडे मी हाच विचार करतोय."

इतकी वर्षं मी लोकांचं हसणं मोजते. माझ्या हसण्याचं कारण मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले. "पहिल्यापासून सांगते. पण आता तुम्ही प्रेक्षक नाही आणि मी मोजणारी नाही, म्हणून आधी दुसरं एक सांगते. मला तुम्ही आवडता."

तो पायरीवर तसाच उभा राहिला. कुणीतरी वरून उतरत होतं, आम्ही दोघांनी भिंतीला टेकून वाट दिली. त्या माणसाची पावलं रस्त्यावर विरली.

"आजोबांना घाई नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग आधी हेच पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.