बिट्टीबद्दल अठरा प्रश्न

शाळेतून आलेला कागद जेवणाच्या टेबलावर पसरून भावजय अर्ध्या तासापासून बसली होती, आणि अठरा प्रश्नांपुढच्या अठराही ओळी कोऱ्याच होत्या. इस्त्री करणाऱ्या आत्याला तिथूनही ते दिसत होतं. इस्त्री फिरत होती शर्टावरून, पण जीव सगळा त्या कागदाकडे…

भावाची मुलगी बिट्टी चार वर्षांची. बालवर्गात जायला लागून दोन महिने झाले, तरी शाळेत तिच्या तोंडातून एक अक्षर फुटलं नव्हतं. घरी पोपटासारखी बोलणारी पोर शाळेचं फाटक ओलांडताच मुकी होई. वर्गाच्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी रागावण्याऐवजी हा कागद दिला आणि घरच्यांनी बसून भरून द्यावा असं सांगितलं. मूल घाबरलं की काय करतं? कशाने शांत होतं? न बोलता काय काय सांगतं?

भावजयीने एका ओळीवर ‘माहीत नाही’ लिहिलं, लगेच खोडलं. ते पाहून भाऊ बूट घालता घालता सहज म्हणाला, “ताई, तूच टाक भरून. हिला कुठलं ठाऊक असणार?”

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर निघून गेला; पण त्याचे शब्द मागे राहिले. भावजय मान वर न करता म्हणाली, “सगळं तुम्हीच करायचं, ताई, तर या घरात मी कशाला आले?”

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. बिट्टी आठ दिवसांची असताना तिची आई गेली होती, आणि त्या दिवसापासून आत्याने कपड्यांच्या कारखान्यातलं कटिंगचं काम सोडून हे एवढंसं गाठोडं छातीशी धरलं होतं. कारखान्यातल्या एका भल्या माणसाने लग्नासाठी दोन वर्षं वाट पाहिली, मग त्यानेही नाद सोडला. त्याचं दुःख तिने कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आणि आज…! पण राग धरावा तर समोर बसलेल्या त्या पोरसवदा बाईचे डोळे भरून आले होते. लग्नाला सहा महिने झाले तरी बिट्टी तिला ‘ए’ म्हणूनच हाक मारी; तीही आत्या घरात नसेल तेव्हाच.

सगळे बाहेर पडल्यावर आत्याचं कशात मन लागेना. भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. शेवटी एका वहीत तिने अठरा उत्तरं लिहून काढली. बिट्टी घाबरली की स्वतःचा डावा कान धरते. लघवीला लागली तरी सांगत नाही, एका पायावर उभी राहते. काही विचारलं तर एकदाच विचारावं आणि दुसरीकडे बघत थांबावं. डोळ्यांत डोळे घातले की तिचे शब्द पळून जातात… लिहिताना प्रत्येक ठिकाणी तिने ‘मी तिला’, ‘मी पाहिलंय’ असं लिहिलं. जशी आई लिहील तसं.

संध्याकाळी ते पान भावजयीच्या हातात देत ती म्हणाली, “तुझ्या अक्षरात उतरवून घे. माझं नाव कुठे यायला नको.”

आणि आठवडाभरात कारखान्याने परत बोलावल्याचं निमित्त सांगून तिने नोकरदार बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली. भाऊ रागावला, पण तिने ऐकलं नाही. आपण मध्ये नसलो की माय-लेकी आपसूक जवळ येतील, असं तिने मनाला बजावलं होतं. पण मन कुठलं ऐकायला! कापडावर कात्री चालवता चालवता हात थबके. आता मधली सुट्टी झाली असेल, डबा कुणी उघडून दिला असेल… दोनदा तर वाट वाकडी करून ती शाळेसमोरच्या उभ्या ट्रकच्या आड जाऊन आली आणि चोरासारखी परतली.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, कारखान्याच्या फाटकाशी भावजय उभी दिसली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोटसुद्धा तिने काढला नव्हता. आत्या धावतच तिच्यापाशी गेली.

“काय झालं पोरीला?”

“ती शाळेत बोलायला लागली, ताई.”

मग तिने सगळं सांगितलं. बिट्टी एका पायावर उभी राहिलेली बाईंनी ओळखलं, एकदाच विचारलं, खिडकीबाहेर बघत थांबल्या; आणि पोर म्हणाली, मला जायचंय. काल पालकसभेत बाईंनी ती उत्तरं सगळ्यांना वाचून दाखवली, इतकं बारीक पाहणारी आई आपण पाहिली नाही म्हणाल्या, आणि सगळे माना वळवून हिच्याकडे बघू लागले…

“मला बसवेना तिथे. उठून सांगितलं, अक्षर माझं आहे, पण यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.”

“वेडी आहेस. तुझ्यासाठीच लिहिलं होतं ते.”

“खोट्या कौतुकावर मी किती दिवस आई राहू?” तिने आत्याचा हात धरला. “आणि ताई… तुम्ही गेल्यापासून ती घरी बोलत नाही. एक शब्द नाही. बाई म्हणाल्या, मुलाचं एक माणूस काढून घेतलं म्हणून दुसरं आपोआप जोडलं जात नाही. चूक माझी आहे. चला घरी. मला शिकवा.”

आत्याच्या ओठांवर कितीतरी दिवस साठलेलं कडू काही आलं होतं. ते तिने गिळलं. “शिकवण्यासारखं काही नसतं गं,” ती म्हणाली, “नुसतं बघत बसायचं असतं.” आणि तिथेच, ये-जा करणाऱ्या बायकांच्या देखत, तिने भावजयीला पोटाशी धरलं.

सोमवारी शाळा सुटताना दोघी फाटकाशी उभ्या होत्या. मुलांच्या घोळक्यातून बिट्टी बाहेर आली, आत्याला पाहून जागच्या जागी थांबली. आत्याने हात पसरले… पण पोर तोंड फुगवून तिच्या बाजूने सरळ पुढे गेली, भावजयीचा कोट गच्च धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आई, आत्याला सांग, मी तिच्याशी बोलणार नाहीये.”

ते पहिलंवहिलं ‘आई’ कानात साठवत, भावजयीने निरोप पोचवला, “ताई, ही तुमच्याशी बोलणार नाही म्हणते.”

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. ती मुद्दाम रस्त्याकडे बघत म्हणाली, “बरं. विचार तिला, किती दिवस?”

बिट्टीने बराच वेळ विचार केला.

“घर येईपर्यंत,” ती म्हणाली.