अंगठ्याखालची ओळ

हसू नका. तो दिवा जरा जवळ घ्या आणि ऐका. भूत म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. माझे मात्र हात जोडले जातात.

मी एका संग्रहालयात काम करतो. जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो काढून झाले की त्यांतला मजकूर संशोधकांच्या संगणकाला वाचता येईल असा करून द्यायचा, हे माझं काम. फोटो काढायच्या आमच्या ताई. एकदा वनौषधींचं एक हस्तलिखित आलं. इतकं कुजलेलं, की पान उलटलं की त्याचा भुगाच व्हायचा. ताईंनी एकेक पान अंगठ्याने दाबून धरलं आणि फोटो काढला. पुस्तक संपलं तेव्हा टेबलावर नुसती भुकटी उरली होती. मग फोटो बघायला बसलो, तर प्रत्येक पानाची शेवटची ओळ अंगठ्याखाली गेलेली. औषध किती घेतलं की विष होतं, ते नेमकं त्याच ओळीत असायचं.

ताईंनी हाय खाल्ली. दवाखान्यात एवढंच म्हणाल्या, "माझ्या एका बोटानं सगळं घालवलं रे." आठवड्याभरात गेल्या.

मग संशोधक बाईंचा फोन आला. "अर्धवट पानं नकोत. संगणक तेवढंच खरं धरून बसेल. त्या पुस्तकाचे सगळे फोटो पुसून टाका."

माझा हात धजेना. तरी एका दुपारी, खोलीत कुणी नसताना, पुसण्याआधी शेवटचं बघून घ्यावं म्हणून पहिलं पान उघडलं. पंखा बंद होता, तरी कागद उलटल्याचा आवाज आला... ताई लावायच्या त्या बामाचा वास आला. आणि पडद्यावरचा अंगठा हलला. हळूच... बाजूला सरकला. त्याखाली ओळ होती. अख्खी.

"ताई...?" मी पडद्याकडे वाकून विचारलं.

दुसरं पान. तिसरं. खरं तर पळायला हवं होतं. मी रडत रडत एकेक पान उघडत बसलो.

पुस्तक बचावलं. बाई खूश होऊन म्हणाल्या, "पुन्हा फोटो काढलेत वाटतं?" मी काय सांगणार, कपाळ!

शेवटच्या पानावर मात्र अंगठा नव्हता. तिथे होता तळहात, उताणा, काहीतरी मागत असल्यासारखा. माझा ऊर भरून आला. म्हटलं, "ताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मागाल ते दिलं."

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर फोटोतला हात मिटलेला होता. घट्ट. माझं काय गेलंय, ते मी अजून शोधतोय.