रिकामा डबा चालायचा नाही

तेजश्रीने त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्याच क्षणाला त्याच्या हातावर फटका मारला.

दोष तिचा नव्हता. निरवांगीत ठमाबाईंच्या ओट्यावर तो उंच, सावळा तरुण पाणी प्यायला टेकला होता. ठमाबाईंनी त्याच्या हाती दिलेल्या पत्र्याच्या मगावर जुन्या लेबलाचा एक तुकडा शिल्लक होता, आणि त्यावर लाल चौकोन. चौकोनात कवटी! तो मग उडाला अंगणात, आणि पाणी गेलं त्याच्या पांढऱ्या शर्टावर. गळ्यापासून खिशापर्यंत तो चिंब झाला.

"पाणी पाजायची ही कुठल्या गावची पद्धत?" त्याने विचारलं.

"विषाचा डबा हाय त्यो! कवटी दिसत न्हाय व्हय?" बारामतीच्या कॉलेजात तीन वर्षं काढली तरी रागात तेजश्रीची सुप्याची बोली बाहेर यायचीच.

ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं बया! वांग्यावर मारायचं औषध व्हतं त्यात, पर कवाच संपलं. राखेनं तीनदा घासलाय म्या. चांगला डबा, फेकून द्यायचा?"

"तेच सांगायला आलेय मावशी. असे सगळे डबे, औषधाच्या बाटल्या, संपलेले सेल... घराघरांतून गोळा करायचेत. पंचायत समितीची मोहीम आहे."

"म्हणजे मी तुमचाच की!" तरुण म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. "तसं नाही... म्हणजे, तुमच्या डब्यांचा खड्डा बांधायला आलोय. ओव्हरसियर. बुद्धघोष."

तेजश्रीने हसू दाबलं. विषाचे डबे पुरायला आलेला माणूस पहिल्याच दिवशी विषाच्या डब्यातून पाणी पीत होता... आणि दिसायला बरा होता. अगदीच बरा होता.

एकोणीसशे शहाण्णवचा जानेवारी. काम मोजून आठ दिवसांचं. गावाबाहेर, विहिरींपासून लांब, मुरमाच्या माळावर विटा-सिमेंटचा पक्का खड्डा बांधायचा, गावातले डबे त्यात टाकायचे आणि शनिवारी वर स्लॅब. मग बुद्धघोष दुसऱ्या तालुक्यात, आणि तेजश्री इंदापुरातल्या मामाचं घर सोडून परत सुप्याला. म्हणजे जे काही व्हायचं ते शनिवारच्या आत. पण हे तेव्हा दोघांनाही कुठं माहीत होतं!

पहिल्या तीन दिवसांत तेजश्रीला मिळाले चार डबे. कुणाच्या डब्यात मीठ होतं, कुणाच्या डब्यात हुलगे. बायका प्रेमाने बसवून घेत, चहा पाजत आणि डबा मात्र फळीवर आणखी आत सरकवत.

"चार डबे!" बुद्धघोष खड्ड्याच्या काठावरून ओरडला. "मी उगाच एवढा मोठा खणला. यात आपण दोघं आरामात..."

"आपण दोघं काय?"

"...सावलीला बसू, म्हटलं."

त्या दुपारी ती जेवणाचा डबा विसरली होती. त्याने न विचारता आपला पुढे केला. स्टीलचा, झाकणावर नाव घातलेलं: केसरबाई. आत चपात्या, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी.

"आईचा डबा," तो म्हणाला. "वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहतो आम्ही. वडील कारखान्यात फिटर. आई दोन वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. तेव्हापासून काडेपेटीसुद्धा वाचल्याशिवाय पेटवत नाही. आमच्या घरात काही लपून राहत नाही आता."

"लपवण्यासारखं आहे काही?"

"अजून तरी नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तेजश्रीने डबा लख्ख धुऊन परत दिला. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"रिकामा?"

"मग काय दगड भरू?"

"आई म्हणते, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. चिमूटभर साखर तरी घालावी."

"मी असलं काही मानत नाही."

"नका मानू. पण आई विचारणार ना, डबा खाल्ला कोणी? कसली मुलगी म्हणायची ही?"

"मग काय सांगाल?"

"सांगेन... पाणी पाजते चांगलं."

तिने पटकन तोंड फिरवलं. परतीच्या एसटीत इंदापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघून हसत होती, आणि कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिकीट काढायचं तिच्या ध्यानात आलं.

चौथ्या दिवशी तिने वाद घालणं सोडून दिलं. ठमाबाईंच्याच राखेने ठमाबाईंचाच एक डबा घासला, पाणी भरलं, झाकण लावून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला आणि म्हणाली, "मावशी, आता वास घ्या."

ठमाबाईंनी नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आरं द्येवा... ह्यात म्या मीठ ठिवत व्हते?"

मग काय! मोहिमेच्या भोंग्याला जे जमलं नव्हतं ते ठमाबाईंच्या तोंडाने अर्ध्या दिवसात केलं. शुक्रवारी सकाळी माळावर बायकांची रांग लागली. डोक्यावर डबे, काखेत डबे, पदरात सेल आणि बाटल्या. तेजश्री वहीत आकडे मांडत होती, आणि खड्ड्याच्या काठावरून बुद्धघोष तिच्याकडे बघून दोन्ही हात उंचावून ओरडत होता, "खड्डा पुरायचा नाही, मॅडम!"

पुन्हा कुणी वापरू नये म्हणून प्रत्येक डब्याला भोक पाडूनच टाकायचं, असा नियम. बुद्धघोषने पहिल्या डब्याला छिन्नी लावली, हातोडा मारला... आणि भोकातून ज्वारीची धार लागली.

"हे काय?"

दुसऱ्या डब्यात साखर. तिसऱ्यात तांदूळ. तेवढ्यात जवळच्या वस्तीवरच्या कोंबड्या दाणे बघून माळ ओलांडून पळत सुटल्या.

"कोंबड्या!" तेजश्री किंचाळली. ओढणी सोडून ती दोन्ही हातांनी भिरकवत धावली. बुद्धघोष सांडलेल्या दाण्यांवर फावड्याने माती लोटू लागला. एक कोंबडा त्याच्या पायांतून निसटला, तिने त्याला शेपटीपाशी धरलं, आणि तिघंही धपकन मुरमात बसले. कोंबडा आरवला. बायका खो-खो हसल्या.

तेजश्री मात्र उसळून उठली. "विषाच्या डब्यात दाणे कुणी घातले?"

हसणं थांबलं. ठमाबाई हळूच म्हणाल्या, "समद्यांनीच. लेकी, घरातलं भांडं कुणाला द्यायचं तर रिकामं कसं द्यायचं? मूठभर तरी घालावं लागतं."

तेजश्रीच्या ओठांवर आलं होतं, मी असलं काही मानत नाही. पण समोरच्या बायकांकडे बघून ते शब्द तिला गिळावे लागले. या बायका तिला फुटके डबे देत नव्हत्या, आपल्या घरातलं भांडं देत होत्या! तिने नजर वळवली तर बुद्धघोष तिच्याकडेच बघत होता. चिडवत नव्हता. नुसता बघत होता.

तिने कोरं पोतं मागवलं आणि तोंड उघडून धरलं. "मावशी, मूठ हितं टाका, पण घरच्या कणगीतली. डब्यातली नको. पोतं जाईल अंगणवाडीला, आणि डबा जाईल खड्ड्यात. मग झालं ना?"

"झालं की!" ठमाबाई खुलल्या.

दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून दोनशे सोळा डबे रिकामे केले. हातात मोजे, तोंडाला रुमाल, बोलायचं ते डोळ्यांनी. दुपारी त्याच्या डब्यातली भाकरी दोघांनी वाटून खाल्ली, आणि डबा धुऊन आणते म्हणून तिने तो आपल्या पिशवीत टाकला.

शनिवारी खड्ड्यावर स्लॅब टाकून झाला. गवंडी गेले, बायका गेल्या. माळावर दोघंच उरले.

"माझा डबा," तो म्हणाला.

तिने डबा दिला. जड होता. त्याने झाकण उघडलं, आत रव्याचे लाडू. त्याचं तोंड फुललं. मग त्याने झाकणावरचं नाव वाचलं.

"हा माझा नाही. यावर... तेजश्री लिहिलंय."

"होस्टेलला जाताना आईने नाव घालून दिला होता."

"आणि आईचा?"

"तो माझ्याकडे. हवा असेल तर उद्या हा घेऊन सुप्याला या. स्टँडमागे निळ्या दाराचं घर. आणि रिकामा चालायचा नाही."

"पण आई वाचेल ना! तेजश्री कोण म्हणून विचारेल. काय सांगू?"

तेजश्रीने श्वास घेतला. शनिवार संपत आला होता.

"सांगा... तुमचा मुलगा जिला आवडतो, ती."

त्याने डबा छातीशी धरला. "आणि मुलाला ती पहिल्या फटक्यालाच आवडली होती, हे कधी सांगू?"

"आता सांगितलंत की," ती म्हणाली, आणि धूम पळाली.

रविवारी सकाळी सुप्याच्या स्टँडवर एक ठेंगणी बाई एसटीतून उतरली. तिने मान वर करून पाटी वाचली, "सु... पे." मागून पांढऱ्या शर्टातला मुलगा. निळ्या दारापाशी येऊन तिने हातातल्या डब्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि दारातल्या मुलीकडे पाहिलं.

"तेजश्री. तूच न्हवं?"

"मीच," तेजश्री पुढे येत म्हणाली.

"घे. चिमूटभर घालत्यात, पर आमी साखर कारखान्याची माणसं. काठोकाठ भरलाय." केसरबाईंनी डबा तिच्या ओंजळीत ठेवला. तिने तो घाईने जवळ घेतला, तसं झाकण सरकलं आणि साखर उंबऱ्यावर सांडली.

"बसा... पाणी आणते," ती कशीबशी म्हणाली.

"कशातून?" बुद्धघोषने विचारलं, आणि दोघंही एकदम हसत सुटले.