न अडवता येणारी कळ

मज्जावाणी प्रयोगशाळेत पाच वर्षे सदानंद पेंढारकरांच्या वतीने 'पूर्ववाणी' नावाचे यंत्र बोलत होते. पक्षाघातानंतर पेंढारकरांचे एकच बोट हलत असे. त्यांना काय म्हणायचे असावे याचा अंदाज यंत्र मेंदूतील लहरींवरून बांधी आणि सफाईदार वाक्य बोले. त्या अंदाजाला संस्था विनासंकोच त्यांचे मत म्हणे. आज त्यांची संमती ध्वनिमुद्रित व्हायची होती. मृत्यूनंतरही पूर्ववाणीने त्यांच्या नावाने बोलत राहावे काय, एवढाच प्रश्न होता.

"त्यांचं बोट यंत्र कधी पाहतं?" मनोरमा टेंब्यांनी विचारले. तरुणपणी त्या आणि पेंढारकर एकाच टेबलावर घरगुती संगणकांचे प्रोग्राम लिहीत.

"वाक्य संपलं की," संचालक डॉ. वाघमोडे म्हणाले.

"म्हणजे माणसाने दार वाजवायचं आणि तुम्ही जेवण उरकून उघडायचं."

"टेंबेबाई, तुमच्या त्या खेळण्यांत काय वेगळं होतं?"

"कळ दाबली की प्रोसेसर हातातलं काम तिथेच सोडायचा. परतायची जागा नोंदवून ठेवायचा, कळेची दखल घ्यायचा आणि नेमका तिथूनच पुढे जायचा. हा व्यत्ययसंकेत. एक कळ तर अशी जोडता यायची, की कुठल्याही प्रोग्रामला ती नाकारता येत नसे."

संगणकाच्या इतक्या तुटपुंज्या स्मृतीतही माणसाचा मान राखणाऱ्या त्या कारागिरांना पुढच्या विद्वत्तेने विसरावे, हे तिच्या लौकिकाला साजेसेच होते.

संमती नोंदवायला आलेल्या समितीवर छाप पडेल म्हणून वाघमोड्यांनी तशी कळ बसवू दिली. टेंबेबाईंनी ती बोटाखाली ठेवली.

"सदा, लागतेय ना रे?"

"मी आपला ऋणी आहे," पूर्ववाणी म्हणाली. सदाने कधी कुणाला असे म्हटलेले टेंबेबाईंना आठवेना.

प्रश्न विचारला गेला.

"माझी," यंत्र म्हणाले. बोट हलले. शांतता. "संमती," यंत्र तिथूनच पुढे म्हणाले.

"पाहिलंत? थांबतं, पण परत येतंच," वाघमोडे हसले.

बोट पुन्हा हलले. ती दखल पुरी होण्याआधीच पुन्हा, आणि मग थांबेचना. यंत्र गप्प झाले. पडदा काळा पडला.

"काय झालं हे?"

"दर दाबाला परतीची एक जागा नोंदली जाते. आधीची दखल संपायच्या आत पुढची कळ आली, की नोंदींचा ढीग चढतो. त्याची जागा संपली, की शेजारच्या स्मृतीवर पसरतो. शेजारी पूर्ववाणी होती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याला ठाऊक होतं."

संमतीपूर्वी पूर्ववाणीची दुसरी प्रत काढायला कायद्याने मनाई होती. मृत्यूनंतर बोलणारी वाणी पुसली गेली होती, आणि तिच्याबरोबर आजचीही.

"आता पेंढारकर बोलणार कसे?" वाघमोडे म्हणाले.

पडद्यावर पूर्ववाणीच्या आधीची साधी वर्णमाला उजळली. प्रकाश एकेका अक्षरावरून सरकू लागला. हवे ते आले की बोटाने थांबवायचे. टेंबेबाई खुर्ची ओढून बसल्या. बऱ्याच वेळाने शब्द पुरा झाला.

'सावकाश.'