सृष्टीची आई

"मामी, पाणी दे की," सृष्टी म्हणाली, आणि बुद्धप्रियाने माठातलं पाणी तांब्यात घेऊन आपल्याच पोटच्या पोरीपुढं धरलं... मामीसारखं, हसून!

होय, पोटच्याच. सृष्टी सहा वर्षांची झाली तरी तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सणासुदीला आत्याबरोबर सांगोल्याहून सोलापुरात यायचं, आत्याला आई म्हणायचं, जन्मदात्या बापाला मामा आणि सख्ख्या आईला मामी. हे सगळं पोरीला पढवलं होतं तिच्या आजीने, चांगुणाबाईंनी. घरातल्या एकाही माणसाच्या जिभेला त्याची लाज वाटली नव्हती.

काय गुन्हा होता बुद्धप्रियाचा? बाळंत झाल्यावर तिची झोप उडाली होती. घास गिळवत नव्हता, बाळ रडलं की छातीत धडधडायचं, अंगावर पाजताना डोळ्यांना धारा लागायच्या, आणि काय झालं म्हणून विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. एका दुपारी तिने सासूचा हात धरला. सासूला ती आत्ती म्हणायची.

"आत्ती, हिला घटकाभर तुमच्याजवळ घ्या. मला भीती वाटते. माझ्या हातून काहीतरी होईल."

मदत मागितली होती हो बिचारीने! चांगुणाबाईंना त्यात धमकी ऐकू आली. हात झटकून त्या उठल्या आणि लेकीला फोन लावला. दिवस मावळायच्या आत नणंद प्रतिक्षा सांगोल्याहून हजर. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिने छातीशी धरलं आणि म्हणाली, "थोडे दिस नेते." ते थोडे दिवस कधी सरलेच नाहीत. बुद्धप्रिया बरी झाली, लेक मागायला गेली, तेव्हा सासू म्हणाली, "येडी झालेल्या बाईच्या हातात पोर देऊन कोण जिवाला घोर लावून घेनार? आन् ती आता प्रतिक्षाची झाली." नवरा यशपाल मान खाली घालून बसला. वाईट नव्हता तो. फक्त आईपुढं त्याचं तोंड उघडत नव्हतं, आणि असल्या चांगल्या नवऱ्यापेक्षा भांडकुदळ परवडला.

यंदा भीमजयंतीला आली तेव्हा प्रतिक्षाला सातवा महिना होता. इतक्या वर्षांनी! बुद्धप्रियाच्या मनात एक वेडी आशा फुटली. भांडी घासता घासता ती हळूच म्हणाली, "ताई, आता तुमचं स्वतःचं येईल. माझी मला..."

"मला काय जड झाली व्हय सृष्टी?" प्रतिक्षाने तिला पुढं बोलूच दिलं नाही. "पुन्यांदा हा विषय काढू नको, प्रिया."

प्रतिक्षाचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण सुनेच्या सावलीत लेक नको, म्हणून चांगुणाबाई स्वतः सांगोल्याला जाऊन राहिल्या आणि मुलगा होऊन सव्वा महिना झाल्यावर परतल्या. आल्या आल्या सुनेच्या देखत शेजारणीला म्हणाल्या, "माझी लेक कशी खमकी! अंगावरचं दूध पाजून घर सांभाळती. न्हाईतर काहींना रडायलाच बाळंतपण पाहिजे असतं."

बुद्धप्रियाने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवय होती, आणि तिच्यापाशी एक जागा अशी होती की जिथं तिला ऐकून घेण्याचं मोल कळत होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती उभी राहिली होती खरी, पण चालती केली ती त्यांनीच जोडून दिलेल्या मोबाईलवरच्या गटाने. दर बुधवारी दुपारी बाळंतिणी फोनवर एकत्र जमायच्या. कुणी मंद्रूपची, कुणी श्रीपूरची, कुणी शहरातल्याच विणकरांच्या घरातली. समोर डॉक्टर नसे. याच अंधारातून गेलेली एखादी आईच गट चालवायची. तिला सगळ्या सखी म्हणत. आता ती सखी बुद्धप्रिया होती. रिवाज असा की स्वतःचं नाव सांगायचं नाही, तोंड दाखवायची सक्ती नाही, प्रत्येकीने आपल्या बाळाच्या नावाने यायचं. गटात बोललेलं गटाबाहेर न्यायचं नाही. जिवाला धोका दिसला तर तेवढं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायचं, बाकी कुणाच्याही नाही. सासू त्याला फोनवरची येड्यांची जत्रा म्हणायची. म्हणू दे! साऱ्या जगात तेवढ्या एका ठिकाणी बुद्धप्रियाला लोक तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होते: सृष्टीची आई.

त्या बुधवारी एक नवीन बाई आली. तोंड दिसत नव्हतं. सांगोल्याच्या नर्सबाईने पाठवलं, एवढंच ती म्हणाली. बुद्धप्रियाने नेहमीसारखं विचारलं, "कुणाची आई म्हणायचं तुम्हाला?"

पलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. मग दमलेला आवाज आला, "सृष्टीची आई."

तो आवाज बुद्धप्रियाने ओळखला. बाई तान्हं बाळ घेऊन आली होती आणि नाव मोठ्या मुलीचं सांगत होती. ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं त्याची आई म्हणून घ्यायला तिची जीभ वळत नव्हती. एवढ्यात श्रीपूरची एक भाबडी पोरगी हसून म्हणाली, "अगं बाई, आमच्या सखीपण सृष्टीची आईच की."

पलीकडून फोन कट झाला.

आठवडाभर बुद्धप्रिया स्वतःशी भांडत होती. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला होता. कडू, जहरी आनंद. भोग म्हणावं आता! रात्रंदिवस भोग! आणि त्याच आनंदाच्या पोटात तिला स्वतःची किळस येत होती, कारण तो अंधार कसा असतो हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या बुधवारी तो आवाज परत आला.

"मला ठाव हाय कोन ऐकतंय," प्रतिक्षा म्हणाली. "ऐकू दे. मला जायला दुसरी जागा न्हाय. पोरगं रडलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेते. काल उशी उचलली व्हती. त्याच्या तोंडावर ठेवावी वाटलं... मग तशीच हातात धरून बसले."

बुद्धप्रियाच्या हातात त्या क्षणी तिच्या वैरिणीचा जीव होता. आणि तिच्या तोंडून निघालं ते सखीचं नेहमीचं, मऊ बोलणं.

"बरं केलं बोललात. तुम्ही वाईट नाही, आजारी आहात. आत्ता बाळ कुणाजवळ आहे?"

"सृष्टीच्या मांडीवर."

सहा वर्षांची पोर! बुद्धप्रियाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि होती तशी एस.टी. स्टँडवर गेली. सांगोल्याच्या घरात शिरली तर सृष्टी अवघडून भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ, पाय बधिर झालेले. "मामी, हे झोपत न्हाय," ती रडवेली होऊन म्हणाली. बुद्धप्रियाने बाळ उचललं. ज्या हातांवर कुणी विश्वास ठेवला नव्हता त्या हातांवर ते झोपी गेलं. प्रतिक्षा कोपऱ्यात केस विस्कटून बसली होती. दोघींपैकी एकीनेही जुना शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या नवऱ्याला, बुद्धभूषणला, सोबत घेऊन ती प्रतिक्षाला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आली. गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटेपर्यंत बाळाला एकटीजवळ ठेवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बुद्धभूषणला बजावलं, आणि त्याने आपल्या बहिणीला सोबतीला घरी आणून ठेवलं.

पण घर म्हटलं की कुजबूज आलीच. चांगुणाबाई सांगोल्याला जाऊन आल्या आणि थेट सुनेपुढं येऊन बसल्या.

"प्रतिक्षा त्या फोनवर काय बोलती, ते तुला ठाव हाय. सांग."

"थकलीय ती, आत्ती. औषध चालू आहे."

"मला शिकवू नगं. तिची सासू म्हनती, सुनेचं डोकं फिरलं असंल तर पोराला मी मंद्रूपला नेते. मला बी तेच बरं वाटतं. मग सृष्टीला तितं कोन बघनार? तू एक शब्द बोल, तुझी लेक तुला आजच्या आज आनून देते."

केवढा भाव लावला होता सासूने! यशपाल दारात उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं, आणि उघडलं ते यासाठी.

"प्रिया, सांगून टाक. आपली पोर घरी येईल."

तिने डोळे मिटले. दुपट्यात गुंडाळून नेलेलं बाळ... भरून दगड झालेली छाती... दुसऱ्या कुठल्या बाईच्या नशिबी ते द्यायचं? आणि तेही स्वतःच्या जिभेने?

"सांगण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "बाळ आईजवळच राहू द्या."

"बघ यशपाल, स्वतःची पोर नगं झालीय हिला," चांगुणाबाई थंडपणे म्हणाल्या. "आई असती तर बोलली असती."

यशपाल त्या दिवसापासून बायकोशी बोलेनासा झाला. ताट वाढलं की जेवायचा, आणि तिच्याकडं न बघता उठायचा.

बाळाचं नाव सुजात ठेवलं होतं. त्याचा पहिला वाढदिवस आजोळी, सोलापुरात करायचं ठरलं. प्रतिक्षा आली ती भरल्या अंगाने, हसऱ्या डोळ्यांनी. औषधाने आणि बुधवारांनी ती सावरली होती. घर माणसांनी भरलं. बुद्धप्रियाने सुजातला उचलायला हात पुढं केले, तोच सगळ्यांच्या देखत चांगुणाबाई म्हणाल्या, "तू नगं घेऊ. शुभ दिस हाय."

प्रतिक्षा उठली. तिने बाळ उचलून बुद्धप्रियाच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हे पोरगं जितं हाय ते हिच्यामुळं. मी उशी उचलली व्हती याच्यावर. हिला सगळं ठाव व्हतं. तू तिला लेकीची लालूच दाखवलीस, मला भावानं सांगितलंय. ती बोलली असती तर त्याच दिवशी तिची लेक तिला मिळाली असती आन् माझं लेकरू गेलं असतं. न्हाई बोलली ती. आन् हिनं तुला नुसतं घटकाभर बाळ धर म्हटलं व्हतं, तर आपन काय केलं? ती बरी झाल्याली मला दिसत व्हतं, आई. दिसून मी पोर दिली न्हाई."

मग ती सृष्टीकडं वळली. "सृष्टे, ही मामी न्हाय. ही तुझी आई. तू हिच्या पोटची."

सृष्टी प्रतिक्षाच्या पदराआड गेली. प्रतिक्षाने रडत रडत तिला दंडाला धरून पुढं ओढलं. "जा की. जा तुझ्या आईकडं."

"ओढू नका, ताई," बुद्धप्रिया म्हणाली. ज्या घटकेसाठी तिने इतकी वर्षं जीव धरून ठेवला होता ती घटका समोर उभी होती, आणि ती पोरगी प्रतिक्षाचा पदर सोडत नव्हती. "एकदा ओढून नेलीय तिला, तेवढं पुरे झालं. आज तुमच्याबरोबरच जाऊ दे. मी सांगोल्याला येत जाईन. मला ओळखू दे आधी."

पदराआडून सृष्टीने विचारलं, "मग मला देऊन कशाला टाकलं?"

बुद्धप्रियाने सासूकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर म्हातारी नातीच्या नजरेतून कायमची उतरली असती. तिने तो शब्द गिळला.

"मी आजारी होते, बाळा."

"आईपन आजारी व्हती की," सृष्टी म्हणाली. "मग सुजातला कुनी न्हेलं न्हाई."

यशपालने तोंड ओंजळीत लपवलं.

"तिच्यापाशी मी होते," बुद्धप्रिया हळूच म्हणाली. "माझ्यापाशी कुणी नव्हतं."

चांगुणाबाई भिंतीला धरून खाली बसल्या, आणि त्यांना उठवायला कुणी गेलं नाही.