लाल आकड्यापुढची रेघ

"अरे, तळ्यावर पोचेपर्यंत तरी ठेव की!" म्हणत खटपट्याने बाटली हिसकावून घेतली, पण तिच्यात थेंब उरला नव्हता.

सायकली अजून गल्लीच्या बाहेरही पडल्या नव्हत्या. सुट्टीतला पहिला मोठा बेत होता तो. दिवसभर तळ्याकाठी मुक्काम, पोहणं, आणि खटपट्याने तेलाच्या जुन्या डब्याची केलेली बोट पाण्यात सोडणं. थोरलीने तिघांसाठी तीन बाटल्या भरून घेतल्या होत्या आणि तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे बारक्याने, त्या तिन्ही उभ्याउभ्या रिकाम्या केल्या. वर पुन्हा विचारत होता, "अजून आहे का गं, ताई?"

थोरली त्याच्यावर डाफरणार एवढ्यात त्याची सायकल कलली. तो भिंतीला घासत खाली आला आणि उठायचं सोडून तसाच बसून राहिला. त्याचे पाय काठीसारखे झाले होते. हे इतके बारीक कधी झाले, असं थोरलीच्या मनात आलं. तळ्याचा बेत तिथेच बारगळला आणि बोट गल्लीच्या तोंडाशी पडून राहिली.

बारक्याला मधुमेह होता. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहान मुलांनाच एकदम जडतो तो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं तर बारक्या इतर पोरांइतकाच दंगेखोर असायचा. ते नसेल तर त्याचं काही खरं नव्हतं. आजवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण उन्हाळा लागल्यापासून इंजेक्शन वेळेवर देऊनही त्याची साखर चढतच होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी निदान करून टाकलं होतं, "चोरून गोड खातो. या वयाची सगळीच मुलं खातात. लक्ष ठेवा."

मग काय, घरात पोलिसी खाक्या सुरू झाला. आई त्याचे खिसे उलटे करायची, उशीखाली हात घालायची. बाबा तर त्याच्याशी बोलेनासेच झाले. बारक्या रडून सांगायचा, शपथा घ्यायचा आणि शेवटी गप्प बसायचा. थोरलीचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. सायकलीवरून पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने आतेभावाला, म्हणजे खटपट्याला, बोलावून घेतलं आणि सांगितलं की आज चोराला रंगेहाथ पकडायचं.

खटपट्या त्याच गावात राहायचा. त्याची आई, म्हणजे थोरलीची आत्या, दवाखान्यात नर्स होती. जुने रेडिओ, घड्याळं, जे हाती लागेल ते उघडून बसायचं हा त्याचा धंदा. नुकताच त्याने आंघोळीचं पाणी कोमट झालं की ओरडणारा डबा बनवला होता. पहिल्या दिवशी डबा बरोबर ओरडला. मग खटपट्याने त्यातले सेल बदलले आणि दुसऱ्या दिवशी पाणी चांगलंच कढत झालं तरी डबा ढिम्म. त्या पाण्यात आत्याचा हात भाजला आणि खटपट्याचे कान लाल झाले.

दोघांनी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बारक्यावर पाळत ठेवली. तो पायरीवर बसला, हे दाराआड. तो संडासला गेला, हे बाहेर. आणि तो फार वेळा जात होता. आईने वाढलं तेवढंच जेवला, तेही अर्धं टाकून. संध्याकाळी साखर तपासली तर आदल्या दिवसापेक्षा वर.

"पण त्याने काहीच खाल्लं नाही," खटपट्या हळूच म्हणाला.

"आपली नजर चुकवली असेल," थोरली म्हणाली. पण तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

भल्या सकाळी तिला जाग आली तर बारक्याचं अंथरूण रिकामं. तो मागच्या पाण्याच्या टाकीआड बसला होता. थोरली दबक्या पावलांनी गेली आणि तिने त्याची मूठ धरली. मूठ रिकामी होती. बारक्याने मुकाट्याने तोंड उघडून दाखवलं, "बघ. वास घे हवा तर."

तिने वास घेतला आणि तिचं डोकंच फिरलं. अतिपिकल्या फळांचा गोडूस वास येत होता! "फळं खाल्लीस! खोटारडा कुठला!" ती ओरडली. बारक्या नुसता जोरजोरात श्वास घेत होता आणि मग टाकीला टेकून ओकला. पोटातून निव्वळ पाणी पडलं. फळाचा एक तुकडाही त्यात नव्हता.

आत्या दवाखाना उघडायला निघाली होती, ती ओरडा ऐकून आत आली. तिने बारक्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा फळांचा वास नाही, पोरी. इन्सुलिन मिळेनासं झालं की अंगातून असा वास येतो. उचला त्याला. बाबांना हाक मार."

"पण आत्या, इन्सुलिन तर रोज देतोय," थोरली म्हणाली. बोलता बोलताच तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. शेजारचे तात्या हेच औषध घ्यायचे, याच दवाखान्यातून आणायचे. ते तर घास मोजून जेवायचे. तेही असेच पाणी पीत सुटले होते, वाळत गेले होते आणि गेल्या आठवड्यात वारले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मग तात्याही चोरून गोड खात होते का?

दवाखान्यात आत्याने बारक्याला खाटेवर निजवलं, सलाइन लावलं आणि बाबांना डॉक्टरबाईंच्या घरी पिटाळलं. तेवढ्यात खटपट्या धावत आला आणि पाठोपाठ कंपाउंडरकाका हातात चहाचा पेला घेऊन आले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त स्वतःवर फार खूश असायचा. दोन्ही मुलं त्यांच्यामागे औषधांच्या खोलीत गेली. तिथे कपाटाएवढा फ्रीज होता आणि शेजारी भिंतीवर एक लहानसा डबा. डब्यातून एक वायर फ्रीजमध्ये गेली होती, आणि डब्यावर लाल आकडा दिसत होता.

"चार," काकांनी नेहमीच्या सुरात जाहीर केलं. "दोन ते आठ अंशांच्या मधे हवं, आहे. झकास."

खटपट्या डोळे बारीक करून पाहत होता. "काका, चारच्या आधी एक रेघ आहे."

"ती होय? दिवा बिघडलाय त्यातला. सकाळी लागतो, दुपारी आपोआप जातो."

"काका, ती उण्याची खूण आहे. हे उणे चार आहे. शून्याच्याही खाली!"

"मग डबा ओरडला असता," काका हसले. "त्यासाठीच तर बसवलाय. वाजत नाही म्हणजे सगळं ठीक. उन्हाळा लागला तेव्हा मात्र याने डोकं उठवलं होतं. गर्दीत दार जरा उघडं राहिलं की बोंब. प्लग काढला तरी बोंब. शेवटी आतले सेलही काढले, पुन्हा घातले, तेव्हापासून लेकरू शहाणं झालंय. आणि मी फ्रीजही सगळ्यात गार करून ठेवलाय. औषधाला जितकं गार तितकं बरं."

खटपट्याने एकदम स्वतःचा कान चाचपला. थोरलीला नंतर कळलं की त्या क्षणी त्याला आंघोळीचं पाणी आठवलं होतं.

त्याने तिला खिडकीशी ओढलं आणि भराभर सांगितलं. वायरच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढी चिप असते. ती किती गार, किती गरम ते सतत आकड्यांत सांगत राहते. पण ओरडायचं कधी, ते तिला माणसाने सांगावं लागतं. याच्या खाली गेलं तर ओरड, त्याच्या वर गेलं तर ओरड. डबा बसवणाऱ्याने बटणं दाबून तिला दोन आणि आठ सांगितलं असणार. मात्र हे ती वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते. प्लगही काढला आणि सेलही काढले की सगळं विसरते. पुन्हा चालू झाली की कारखान्यातून येताना डोक्यात भरलेलं तेवढंच उरतं.

"आणि कारखान्यात काय भरलेलं असतं?"

"माझ्या चिपमध्ये ऐंशी होतं. म्हणजे जवळजवळ उकळतं. म्हणून तर आईचा हात भाजला." त्याने भिंतीवरच्या डब्याकडे बोट केलं. "ताई, ही चिप आकडा खरा सांगतेय, पण ओरडणार कधीच नाही. आणि रात्रभर फ्रीजचं दार कुणी उघडत नाही तेव्हा आत बर्फ होतोय."

थोरलीने फ्रीज उघडला आणि मागच्या बाजूची बाटली बाहेर काढली. आतलं औषध दगडासारखं घट्ट होतं. म्हणजे बारक्याला आणि तात्यांना दोघांनाही हेच गोठून वाया गेलेलं औषध मिळत होतं. तेवढ्यात पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "कंपाउंडर, इन्सुलिनची बाटली आणा. डोस वाढवून देऊ."

काकांनी फ्रीजच्या दाराजवळची बाटली उचलली. ती कधीतरी गोठून पुन्हा वितळली होती, दिसायला अगदी नेहमीसारखी होती.

थोरली दारात आडवी झाली. "ती देऊ नका. ते औषध मेलेलं आहे."

"बाजूला हो," डॉक्टरबाई आत आल्या. "इथे पोराचा जीव चाललाय आणि तुझं काय चाललंय?"

"त्याच्याचसाठी सांगतेय. एक मिनिट बघा, मग मला हवी ती शिक्षा करा."

खटपट्याने तोवर फ्रीजमधून वायर ओढून काढली होती. काका हां हां म्हणेपर्यंत त्याने तिचं टोक त्यांच्या चहाच्या पेल्यात बुडवलं. लाल आकडा सरसर चढू लागला. रेघ नाहीशी झाली, आठ मागे पडले, तीस, पन्नास, आणि साठच्या पुढे जाऊन आकडा थांबला. डबा गप्प होता.

"औषधांचा फ्रीज चहाएवढा तापलाय," खटपट्या म्हणाला. "ओरडला का?"

शेजारी आत्याने हत्यारं उकळायला ठेवलेलं पातेलं रटरटत होतं. खटपट्याने वायर त्यात सोडली. आकडा ऐंशीला पोचला आणि डबा असा काही किंचाळला की काकांच्या हातातला पेला खाली पडून फुटला.

डॉक्टरबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी थोरलीच्या हातातली गोठलेली बाटली घेतली आणि उजेडात धरली. "एकदा गोठलं की संपलं," त्या पुटपुटल्या. "वितळलं तरी उपयोग नाही. आपण इतके दिवस याला पाणी टोचत होतो." मग त्या एकदम धावल्या. बाबांनी गाडी काढली, डॉक्टरबाई स्वतः मागे बसल्या, आणि सलाइनची बाटली हातात धरून बारक्याला मोठ्या रुग्णालयात नेलं.

तो दिवस थोरली कधी विसरणार नाही. दुपारपर्यंत बारक्या कुणाला ओळखत नव्हता. आई भिंतीला डोकं टेकून एकच वाक्य म्हणत होती, "मी त्याचे खिसे तपासले गं." ताजं औषध हळूहळू लागू पडलं. दुसऱ्या दिवशी बारक्याने डोळे उघडले, थोरलीकडे पाहिलं आणि कोरड्या ओठांनी म्हणाला, "मी खरं सांगत होतो."

"हो," थोरली म्हणाली. ती त्याचा हात धरून रडली.

बारक्या घरी आला त्यानंतर डॉक्टरबाईंनी गावातल्या मधुमेहाच्या सगळ्या रुग्णांना बोलावून घेतलं. फ्रीजमधलं औषध फेकून नवं आणलं होतं. डब्याला दोन आणि आठ पुन्हा सांगितलं होतं, आणि आत्या रोज वायर कोमट पाण्यात बुडवून तो ओरडतो की नाही ते पाहत होती. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मुलांचं तोंडभरून कौतुक केलं, टाळ्या झाल्या. कंपाउंडरकाका मान खाली घालून दाराशी उभे होते. तेवढ्यात गर्दीतून तात्यांची बायको पुढे आली. गल्लीतली पोरं तिला आजी म्हणायची. तिच्या हातात अर्धी भरलेली बाटली होती.

"यांची राहिली होती घरात," ती म्हणाली. "हीसुद्धा त्यातलीच का हो?"

डॉक्टरबाईंनी बाटली घेतली, पण आजीकडे पाहणं काही त्यांना जमेना. "हो, आजी. बहुतेक हो."

"शेवटी शेवटी मी त्यांच्या ताटातला एकेक घास कमी करत गेले. वाटायचं, माझंच वाढण्यात चुकतंय. पुन्हा मागायचे, तर रागवायची मी त्यांना." आजीने पदराने तोंड पुसलं. "भुकेलेच गेले ते."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. आजी मुलांपाशी आली. तिने खटपट्याच्या आणि थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बारक्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ पाहिला. "निदान मला कळलं तरी," ती म्हणाली. "फार मोठं काम केलंत, पोरांनो." कंपाउंडरकाका तिला घरापर्यंत सोडायला निघाले. ती नको म्हणाली नाही, पण त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

सुट्टी संपायच्या आत तिघं तळ्यावर गेले. डब्याची बोट एका बाजूला झुकत का होईना, पण तरंगली. ऊन चढलं तसं थोरलीने बाटली उघडून बारक्यापुढे धरली.

तो बोटीकडेच पाहत होता. "नको गं ताई," तो म्हणाला. "तहान नाही लागलेली."